कामाचे पाहुणे

फिशिंग चार्टरवर येणारे पाहुणे साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला गॉगलवाला. त्याला मासा नको असतो, मासा हातात धरलेला डीपी हवा असतो. दुसरा आडवा. बोट सुटल्यावर वीस मिनिटांत तो जो लोळतो, तो किनारा दिसेपर्यंत उठत नाही. (याच्याबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, बॉस!) तिसरा सर्वज्ञ. त्याने महिनाभर व्हिडिओ पाहिलेले असतात, महागडा जपानी रील घेतलेला असतो आणि तो तांडेलाला समुद्र समजावून सांगतो.

शिवाय एक चौथा प्रकार असतो, पण तो क्वचित दिसतो. हा पाहुणा पैसे भरून येतो आणि तरीही बोटीवर ओझं होत नाही. कधी हात लावायचा आणि कधी हात मागे घ्यायचा, हे त्याला कळतं. गेल्या फेब्रुवारीत मला अशा चार जणांबरोबर अख्खा दिवस समुद्रावर काढायला मिळाला. आणि हे चौघं कुठल्या कोळीवाड्यातले नव्हते की गोव्याच्या अँगलिंग सर्किटमधले नव्हते. ते होते आमच्या निजामपुऱ्यातले. भिवंडीतल्या!

निजामपुऱ्यात कुठला समुद्र?

अगदी हाच प्रश्न निवतीच्या तांडेलाने विचारला. 'खंयचे तुमी?' 'भिवंडीचे.' 'भिवंडी? थंय खंय दर्या?'

प्रश्न रास्त आहे. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामं आठवतात आणि तासन्‌तास तुंबलेला ट्रॅफिक आठवतो. पण आमच्या महापालिकेचं पूर्ण नाव भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका, आणि त्या नावातल्या निजामपुऱ्याची जुनी माणसं आजही भरती-ओहोटीचा हिशेब तोंडपाठ सांगतात. कामवारी नदी गावाला लागून वाहते आणि पुढे खाडीला मिळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली ती याच खाडीकाठी. मालवणचा सिंधुदुर्ग त्यानंतरचा, १६६४चा. हे मी तांडेलाला ऐकवलं तेव्हा तो मिशीत हसला. 'म्हणजे तुमी आमचे थोरले भाव!'

तर आमच्या टीमची ओळख करून देतो. कॅप्टन अर्थातच चाचा. चाळीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. कारखान्यात शिरल्या शिरल्या नुसत्या आवाजावरून कुठला माग आजारी आहे ते सांगणारा माणूस. त्या खटखटीने चाचांचे कान मात्र गेले. आता समोर उभं राहून मोठ्याने बोलावं लागतं. त्यांचा कारखाना बंद पडला, माग किलोच्या भावाने भंगारात गेले आणि चाचांनी गरी हातात घेतली. त्यांची मुलगी सीए आहे, ठाण्यात फर्ममध्ये. मोहल्ल्यात लहानथोर सगळे तिला आपा म्हणतात, मीही म्हणतो. तिसरा चाचांचा पुतण्या, ऐरोलीत सॉफ्टवेअर टेस्टर. चौथे शेठ, सुताचे दलाल. वजन शंभराच्या पुढे, पण बोटीवर मांजरासारखे चालतात. पाचवा मी. माझं काम कॉलम लिहिणं आणि आइसबॉक्सवर बसणं.

ही मंडळी वर्षानुवर्षं दर रविवारी खाडीवर गरवायला जातात. जिताडा, बोय, शिंगाळा, मिळेल ते. कामवारीच्या पाण्याचा रंग हल्ली काय असतो ते विचारू नका. त्यामुळे दर वर्षी थोडं पुढे सरकत सरकत ते वसई-उत्तनपर्यंत पोचले. आणि मग आपाने जाहीर केलं, 'अब्बा, एकदा खऱ्या समुद्रावर जाऊ या. बोनस आलाय.'

बारीक गाठ

रात्री ठाण्याहून कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून रिक्षाने निवती. तो दिवस आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. रात्रभर प्रवास करून थेट बोटीवर चढलं की वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात तुमचा नंबर लागलाच म्हणून समजा.

आता 'डीप सी' या शब्दाबद्दल थोडं. जाहिरातीत सगळेच डीप सी लिहितात. शास्त्राच्या भाषेत खोल समुद्र सुरू होतो दोनशे मीटरच्या खाली, आणि तिथवर एका दिवसात जाऊन येणं आपल्या किनाऱ्यावर सोपं नाही. कारण आपला सागरी उतार फार लांबवर पसरलाय. मुंबईसमोर तो तीनेकशे किलोमीटर जातो, दक्षिणेकडे अरुंद होत जातो. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे प्रवाळ आहेत आणि मासेही आहेत. प्रत्येक अँगलरचं ते स्वप्न असतं. आपल्यासारख्या वीकएंडवाल्यांचं डीप सी म्हणजे तीस ते साठ मीटर पाणी, दिवेलागणीच्या आत परत. पुरतं तेवढं!

पहाटे साडेचारला आम्ही बोटीवर. तांडेल पन्नाशीचा, सोबत दोन खलाशी. पश्चिमेला वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह मिचमिचत होतं. चाचा हेडटॉर्च लावून एका कोपऱ्यात बसले आणि त्यांनी गाठी मारायला घेतल्या.

इथे जरा थांबू. रीलवर जी दोरी असते ती ब्रेड. बारीक, गुंफलेली, प्रचंड ताकदीची, पण खडकाला घासली की खलास. म्हणून तिच्या टोकाला जाड, घसाऱ्याला टिकणारा लीडर जोडतात. या दोन्हींना जोडणारी गाठ रॉडवरच्या कड्यांमधून अलगद सरकली पाहिजे. जाड झाली तर अडकते, आणि अडकली की दोरी तुटते. त्यासाठी एफजी नावाची एक गाठ मारतात. तिच्यात ब्रेड लीडरभोवती दोन्ही बाजूंनी विणत जायची असते. सर्वज्ञ मंडळी ती यूट्यूब समोर ठेवून, घाम पुसत मारतात.

चाचांनी ती अंधारात, हलत्या बोटीवर मारली. आणि का नाही मारणार? मागावर ताण्याचा एक धागा तुटला की तो सांधायचा असतो, आणि ती गाठ इतकी बारीक लागते की वईच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे. चाळीस वर्षं दुसरं केलं काय या माणसाने? विणकराची गाठ आणि कोळी जाळं विणताना मारतो ती गाठ, दोन्हींची घडण एकच आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? तांडेलाला माहीत होतं. त्याने ती एफजी हातात घेतली, नखाने खरवडली, जोरात ओढून पाहिली. एक शब्द बोलला नाही. फक्त सुकाणू थोडं डावीकडे वळवलं. त्याचा अर्थ मला दुपारी कळला.

मतलईवर

फेब्रुवारीच्या सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आठवतात? तेच. पाणी इस्त्री केल्यासारखं सपाट असतं. दुपारी खारे वारे सुरू झाले की त्याच समुद्राला दात फुटतात. म्हणून सगळं काम दुपारच्या आत उरकायचं.

आम्ही ट्रोलिंगने सुरुवात केली. बोट सहा-सात नॉट वेगाने चालवायची आणि मागे खोटे मासे ओढायचे. सुरमईसाठी लीडरच्या पुढे थोडी स्टीलची वायर लावावी लागते, नाहीतर तिचे दात दोरी कात्रीसारखी कापतात. (मालवणी माणूस तिला इसवण म्हणतो. मुंबईच्या भावात ती काय पडते ते आपण बोलायला नको!) पुतण्याने प्रत्येक रीलचा ड्रॅग वजनकाट्याला लावून तपासला. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा जोराने ओढायला लागला की दोरी सुटू देणारा. नियम साधा आहे, दोरीच्या ताकदीच्या एक तृतीयांश. पन्नास पौंडाच्या दोरीला साडेसात किलो. चाचांनी आकडे न बघता दोरी हाताने ओढून एका रीलकडे बोट दाखवलं. 'ये टाइट है.' काट्यावर नऊ किलो!

सव्वासातला डाव्या बाजूला सुरय पक्ष्यांचा थवा पाण्यावर तुटून पडताना दिसला. खाली छोटे मासे, त्यांच्या मागे मोठे. तांडेलाने थव्याच्या मधून बोट घातली नाही, कडेकडेने नेली. पुढच्या दहा मिनिटांत तीन रॉड वाकले. एक सुरमई, दोन कुपे. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की कामाचा पाहुणा म्हणजे काय.

कुणीही ओरडलं नाही. ज्यांच्या रॉडवर मासा नव्हता त्यांनी न सांगता आपापल्या दोऱ्या गुंडाळून घेतल्या, म्हणजे गुंता नको. शेठनी डेकवरच्या चपला, बाटल्या, पिशव्या सगळं एका बाजूला केलं. कुपा वर आल्या आल्या पुतण्याने त्याचं रक्त काढलं आणि बर्फ-समुद्रपाण्याच्या लगद्यात बुडवला. कुप्याचं रक्त गरम असतं. तो उन्हात पडून राहिला तर त्याच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं आणि नंतर खाणाऱ्याचं तोंड लाल, डोकं जड. शिजवलं तरी ते जात नाही. खलाशी नुसते बघत उभे होते. थोरला धाकट्याला म्हणाला, 'आज आपल्याक पगारी सुट्टी.'

नाश्त्याला आपाने घरून आणलेले खिम्याचे समोसे आणि केळी. परदेशी चार्टर बोटींवर केळं म्हणजे भयंकर अपशकुन मानतात. पुतण्याने हे तांडेलाला सांगितलं. तांडेलाने शांतपणे दुसरं केळं सोललं.

बस म्हणजे बस

नऊच्या सुमाराला इंजिनचा आवाज उतरला. तांडेलाने किनाऱ्याकडे बघून डोंगराचं एक टोक आणि दुसरं काहीतरी एका रेषेत आणलं. जीपीएस समोर चालू होतं, पण त्याचा भरवसा खुणांवर. 'बावीस वाव,' तो म्हणाला. म्हणजे चाळीस मीटर. खाली खडप.

इथे जिगिंग. शिशाचा, माशासारखा दिसणारा जड तुकडा तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत वर आणायचा. पहिल्याच सोडीला शेठच्या हातात गोबरा. दुसऱ्या सोडीला आपाला तांबोशी, लालभडक. पुतण्याला दुसरा गोबरा, पहिल्यापेक्षा मोठा. अर्ध्या तासात पाच मासे. अंगात वारं शिरावं तसं झालं होतं सगळ्यांना. मी आइसबॉक्सवरून उठून टाळ्या वाजवत होतो.

मग सहावा मासा आला. गोबराच, पण लहान. शेठ म्हणाले, 'छोटा है, छोड दो.' पुतण्याने तो पाण्यात सोडला. मासा बुडालाच नाही. पोट वर करून तरंगायला लागला. तोंडातून त्याचं जठर फुग्यासारखं बाहेर आलं होतं.

त्यामागचं कारण शाळेतलं फिजिक्स आहे. चाळीस मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो. तळाशी राहणाऱ्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. त्याला झटपट वर ओढलं की ती हवा पाचपट फुगते आणि आतडी-जठर ढकलून बाहेर काढते. असा मासा 'सोडून दिला' म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं. परदेशात त्याला वजन लावून परत तळाशी पोचवायचं साधन मिळतं. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकावरचे मासे धरणाऱ्या बोटींना ते किंवा हवा काढायची सुई जवळ ठेवणं २०२२ साली बंधनकारक झालं. आमच्याकडे नव्हतं. धाकट्या खलाशाने तो गोबरा जाळीने उचलून बर्फात टाकला. निदान वाया जायला नको.

आपाने आपला जिग गुंडाळला. 'बस,' ती म्हणाली. 'इथे आता नको.'

तांडेल चमकला. मासा लागत असताना थांबणारा गिऱ्हाईक त्याने बहुधा पाहिला नसावा. त्याचीही बाजू समजून घ्या. चार्टर चालतो फोटोंवर. भरलेला आइसबॉक्स दिसला की पुढच्या आठवड्याचं बुकिंग येतं. रिकाम्या बॉक्सचा फोटो कोण बघतो? बोटीवर बँकेचं कर्ज, पावसाळ्यात १ जूनपासून एकसष्ट दिवस मासेमारी बंद, डिझेलचा भाव आहे तो आहेच. तो म्हणाला, 'ताई, आणखी दोन-चार काढा. फोटो बरो येतलो.'

आपाने अब्बांकडे पाहिलं. चाचांना बोलणं ऐकू आलं नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं होतं. ते तांडेलाच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या भिवंडीच्या हिंदी-मराठीत म्हणाले, 'तांडेलसाब, धागा तुटला तरी माग चालूच राहतो. कापड निघत राहतं. मीटर वाढतात, मालक खूश. पण त्या कापडात दोष असतो. जो माग थांबवतो ना, तोच कारागीर.'

तांडेल बराच वेळ गप्प होता. मग त्याने इंजिन सुरू केलं आणि बोट खडपावरून हलवली.

पुढे चालता चालता तो बोलायला लागला. त्याच्या वडिलांची रापण होती. किनाऱ्यावरून ओढायचं ते मोठं जाळं. आता रापणीत पूर्वीसारखा मासा येत नाही. २०१६ साली राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी घातली. 'कागदार,' तो म्हणाला. रात्री पश्चिमेला दिव्यांची जत्रा दिसते, असं त्याचं म्हणणं. गोबऱ्यांची अशीच दुसरी एक जागा त्याला ठाऊक होती. तिची खूण फुटली आणि दोन-तीन हंगामांत ती ओस पडली. गोबरा सावकाश वाढतो. बहुतेक गोबरे आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि मोठे झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठे मोठे उचलत गेलं की मागे नरच उरत नाहीत. म्हणून या खडपावर तो कुणालाच नेत नाही. ना गॉगलवाल्यांना, ना सर्वज्ञांना.

'मग आमाला कशाला आणलंत?' शेठनी विचारलं.

'ती गाठ बघितलंय,' तो म्हणाला.

चाळीस मिनिटं

साडेअकराला वारा फिरला. लाटांवर पांढरी टोकं दिसायला लागली. परत निघालो ते खडकाच्या कडेने ट्रोलिंग करतच. वर पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. आपाची रील अचानक किंचाळायला लागली. पंधरा सेकंदांत शंभर मीटर दोरी गेली. 'खडकाकडे चाललाय!' पुतण्या ओरडला.

पुढची चाळीस मिनिटं मी मिटिंगमध्येही इतका शिस्तीचा टीमवर्क पाहिलेला नाही. बाकीच्या दोऱ्या आत. शेठ आपाच्या मागे, तिच्या कमरेचा पट्टा धरून. तांडेल मासा जिकडे तिकडे बोटीचं नाक फिरवतोय, दोरी पंख्याखाली जाऊ देत नाहीये. चाचांना रीलचा आवाज ऐकू येत नव्हता. त्यांनी दोन बोटं रॉडच्या मुठीजवळ टेकवली आणि डोळे मिटले. 'ढील दे... आता वळला... ओढ. ओढ. थांब, घासतेय.' लीडर खडकाला घासतोय हे त्यांना त्या कंपनावरून कळत होतं! आपा घामाने निथळत होती, पण शब्द न शब्द पाळत होती.

(नियमांच्या पुस्तकाप्रमाणे हा मासा बाद बरं का! १९३९ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमांनुसार मासा लागल्यावर दुसऱ्या कुणी रॉडला हात लावला तर विक्रम धरत नाहीत. आपाला विक्रम नको होता. तिला अब्बांची दोन बोटं हवी होती.)

वर आला तो जायंट ट्रेव्हली. कोकर जातीतलं धूड, रुंद कपाळाचं, चांदीसारखं. गळ ओठाच्या कोपऱ्यात. लीडर इतका सोलवटला होता की आणखी पाच मिनिटं टिकला नसता. पण चाचांची गाठ तशीच होती.

हा मासा वरच्या पाण्यातला. त्याला दाबाचा त्रास नव्हता. पुतण्याने ओल्या हातांनी त्याला आडवं धरलं, कल्ल्यांना हात न लावता. एक फोटो. मग तोंड लाटेच्या दिशेला करून पाण्यात धरून ठेवलं, शेपटी जोर करेपर्यंत. ती हलली, आणि मासा गेला. चाचांनी रॉडवरची बोटं अजून काढली नव्हती.

वाटणी

दोनच्या सुमाराला किनाऱ्याला लागलो. आइसबॉक्समध्ये एक सुरमई, दोन कुपे, चार गोबरे, दोन तांबोशी आणि कुणीतरी येता येता गरवलेले बांगडे. चार्टरवर पकडलेला मासा कुणाचा, यावरून भल्याभल्यांची भांडणं होतात. कुठे सगळा बोटीचा, कुठे सगळा पाहुण्याचा. म्हणून ते आधी विचारून घ्यायचं असतं. इथे ठरलं होतं की पाहुण्यांना खाण्यापुरता, उरलेला बोटीचा.

तांडेलाने ते ठरलेलं बाजूला ठेवलं. वाळूवर फळी टाकली आणि तीन ढीग केले, रापणीत करतात तसे. एक होडीचा. एक खलाशांचा. आणि तिसरा? 'जेना हात लावलो, तेका वाटो,' तो म्हणाला. रापणीची दोरी ओढायला हात लावणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडतंच. चाचा, आपा, शेठ, पुतण्या या चौघांचे चार वाटे त्याने खलाशांच्या मापाने काढले. सगळ्यात मोठा गोबरा चाचांच्या वाट्याला.

माझ्या नावाने एक बांगडा आला. 'बॉक्सार बसलंलास ना,' तांडेल म्हणाला, 'झाकण उडाला नाय.'

तुम्हालाही जायचंय?

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. थंडी-उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्र सगळ्यात शांत. बोट ठरवताना दर विचारायच्या आधी महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि माणशी एक लाइफ जॅकेट आहे का ते विचारा. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'चं काय झालं ते आठवा आणि जॅकेट बॅगेत न ठेवता अंगात घाला. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. मालवणजवळचा काही भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी टाकायची नाही. राज्य सरकारने २०२३ साली चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. मोजपट्टी सोबत ठेवा आणि तुमच्या माशाची मर्यादा तांडेलाला विचारा. आणि तळाच्या माशांसाठी आकडा निघण्यापूर्वीच ठरवा. दोन किंवा चार, जो काय असेल तो. मासा लागायला लागला की कुणालाच आकडा आठवत नाही.

शेवटचं. महागडा रील नंतर घ्या. त्याआधी घरच्या घरी, टीव्ही बघता बघता एक गाठ शिका. निदान दोनशे वेळा मारा. मग दिवे घालवून मारा. समुद्रावर तांडेल तुमचा रील बघणार नाही, ती गाठ बघेल. आणि कुणी सांगावं, सुकाणू थोडं डावीकडे वळवेलसुद्धा.